टाच हलता कामा नये

बूट फाटला तो आतून. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. राखाडी जाळी, जांभळी किनार, एका रांगेत चार चाकं, सगळं जसंच्या तसं होतं. पण टाचेच्या आतल्या बाजूचं अस्तर झिजून रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पिवळट फोम दिसत होता. दोन्ही बुटांत, अगदी त्याच जागी. स्केट घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

मी चेंबूरला राहते, वय ४३. मुलगी तिसरीत असताना तिला स्केटिंगच्या क्लासला घातलं. आधी पुढे दोन, मागे दोन अशी चाकं असलेले क्वाड, मग एका रांगेतल्या चाकांचे इनलाइन. रिंकच्या कठड्याला टेकून तिची पाण्याची बाटली सांभाळण्यात माझं वर्ष-दीड वर्ष गेलं. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा एकदा तिला घेऊन नरिमन पॉइंटला गेले. तिथे माझ्याच वयाची एक बाई समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात, हात मागे बांधून, संथ चालीत स्केटिंग करत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. परत येताना लोकलमध्ये मुलीला म्हटलं, मला पण शिकायचंय. ती म्हणाली, "मग शिक की."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका दुकानातून पहिला जोड घेतला. दुकानदाराने दोन बूट समोर ठेवले. एक संपूर्ण कडक प्लास्टिकचा, हेल्मेटसारखा. दुसरा कापडी, ट्रेकिंगच्या बुटासारखा, घोट्याभोवती मात्र प्लास्टिकचा पट्टा. त्याने कापडी बूट अंगठ्याने दाबून दाखवला. "पहिल्यांदाच घेताय ना मॅडम? सॉफ्ट बूट घ्या, पायाला अजिबात त्रास नाही." माझा पाय ३८ नंबरचा. त्याच्याकडे ४० शिल्लक होता. "थोडा मोठाच बरा, जाड मोजे घाला. स्केटिंग करताना पाय सुजतो." मी पाय घातला. गादीवर ठेवल्यासारखा वाटला. घेऊन टाकला.

पुढचे आठ महिने मी स्वतःच्या घोट्यांना दोष देत काढले. उभी राहिले की दोन्ही घोटे आत कलायचे आणि चाकं आतल्या कडेवर झिजायची. वीस मिनिटांत तळव्याच्या कमानीत अशी कळ यायची की कठड्यावर बसावं लागायचं. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी सांगितलं, "ताई, घोट्यात जोर नाही, व्यायाम करा." मी केला. रोज सकाळी ओट्याला धरून चवड्यांवर चढ-उतर, तीस-तीस वेळा. पोटऱ्या घट्ट झाल्या, घोटे पडायचे ते पडतच राहिले. मग लेस आणखी आवळायला लागले. त्याने पावलाच्या वर लेसचे लाल वळ उठायचे, बोटं बधिर व्हायची, आणि टाच आत फिरायची तशीच फिरायची. ती फिरते आहे हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. मऊ होतं ना सगळं. कुठे टोचत नव्हतं.

जून २०२३ मध्ये पाऊस सुरू झाला आणि स्केटिंग थांबलं. ओल्या रस्त्यावर चाकं पकड घेत नाहीत, आणि बेअरिंगमध्ये पाणी गेलं की चार दिवसांत गंज धरतो. म्हटलं या सुट्टीत भोक तरी बुजवून घेऊ. आमच्या जवळच ठक्कर बाप्पा कॉलनी. मुंबईत बूट-चपला बनतात त्यातल्या पुष्कळशा इथल्या गाळ्यांमधून बाहेर पडतात. गल्लीत शिरलं की सोल्युशनचा वास, चामड्याच्या कापट्या, माळ्यावरून येणारा मशीनचा आवाज. लहानपणी आईबरोबर चपला घ्यायला इथे यायचे, त्यामुळे वाट पायाखालची. तिथे एक वयस्क काका दुरुस्तीची कामं घेतात. स्केट त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता.

त्यांनी बुटात मनगटापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि बोटांनी आत चाचपत राहिले. मग म्हणाले, "ताई, घाला पायात."

मी घातला, बांधला, उभी राहिले. त्यांनी मला भिंतीला धरायला लावलं, माझ्या घोट्याच्या मागे बुटाच्या कडेतून तर्जनी आत सरकवली आणि म्हणाले, "आता गुडघ्यात वाका." मी वाकले. "टाच उचललीत?"

"नाही."

"उचलली गेली. माझं बोट पार खाली गेलं बघा."

त्यांचं बोट खरंच टाचेखाली जाऊन पोचलं होतं. ते म्हणाले, "हे फाटलेलं नाही, घासलेलं आहे. टाच हलते म्हणून घासतं. मी शिवून देईन, पण पुन्हा तिथेच जाईल."

मग त्यांनी बूट काढून घेतला आणि मला तो दाखवला. आठ महिने जो बूट मी वापरत होते, तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आधी वरचं कापड चिमटीत धरलं. जाळी, तिच्याखाली फोम, त्याखाली अस्तर. इथे हा बूट मऊ आहे आणि इथेच तो मऊ असायला हवा, कारण पावलाच्या वरच्या हाडांना दाब नको असतो आणि घामाला वाट लागते. मग टाचेच्या बाहेरच्या बाजूला टिचकी मारली. ठक्क असा आवाज आला. कापडाखाली कडक काउंटर होता, टाचेला मागून कवेत घेणारी वाटी. चांगल्या लेदर बुटातही असतोच तो, पण इथे बराच जाड. मग तळ. दोन्ही हातांनी बूट पिळून बघितला, तो जराही पिळला गेला नाही. तळ एकसंध कडक प्लास्टिकचा, आणि त्याला खालून चाकांची फ्रेम रिबिटांनी पक्की ठोकलेली.

शेवटी घोट्याचा पट्टा. त्याला कफ म्हणतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिबिट, आणि त्या दोन रिबिटांवर कफ फिरतो. काकांनी तो पुढे ढकलला, सहज गेला. मागे आणला, आला. मग बाजूला ढकलायला गेले, तर तो तसूभरही हलला नाही. ते दोन-तीनदा तेच करत राहिले, पुढे, मागे, बाजूला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बिजागरी आहे ही. गुडघा पुढे जाऊ देते, घोटा बाजूला पडू देत नाही. डोकं लावलंय बनवणाऱ्याने."

आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मऊ नुसतं वरचं कापड, ताई. पाय धरतात ते तळ, काउंटर आणि ही बिजागरी. तुमची टाच काउंटरपर्यंत पोचतच नाही, तर ते धरणार कशाला?"

सॉफ्ट बूट म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर मला पुढे कुठेही मिळालं नाही. घरी येऊन या बुटाचा इतिहास शोधला. १९८० च्या आसपास अमेरिकेत मिनेसोटात स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांनी उन्हाळ्यातही सराव करता यावा म्हणून हॉकीच्या बुटांखाली एका रांगेत चाकं लावली. त्यातून रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. पुढे बूट कडक प्लास्टिकचे झाले, स्कीइंगच्या बुटांसारखे, बाहेर कवच आणि आत काढता येणारं गादीचं अस्तर. पाय घट्ट राहायचा, पण जड आणि गरम व्हायचा. १९९० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन राज्यातल्या के-टू या स्की बनवणाऱ्या कंपनीने हे कवच उलटंपालटं केलं. पायाभोवती संपूर्ण कवच ठेवण्याऐवजी जिथे आधार लागतो तिथेच कडक भाग ठेवला, तळाला, टाचेला आणि घोट्याला. बाकीचा बूट साध्या कापडी बुटासारखा. आज हौसेने स्केटिंग करणाऱ्यांसाठीचे जे बूट दुकानांत दिसतात, त्यांतले बरेचसे याच घडणीचे असतात. म्हणजे ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या काकांनी एका दुपारी हात घालून जे ओळखलं, तीच त्या बुटामागची मूळ कल्पना.

यातून एक गोष्ट मला लख्ख दिसली, आणि नव्याने स्केट घेणाऱ्या प्रत्येकाला ती कळावी असं मनापासून वाटतं. कडक बूट मोठा झाला तर तो लगेच बोलतो. पाय आत आपटतो, घोट्याचं हाड सोलवटतं, आपण दुकानातच परत करतो. मऊ बूट मोठा झाला तर बोलत नाही. फोम सगळं झाकून ठेवतो. त्रास होतो तो घोट्याला, कमानीला, गुडघ्याला, आणि आपल्याला वाटतं आपणच कच्चे आहोत. मऊ बुटाचं माप उलट जास्त काटेकोर घ्यायला हवं.

दुसरा जोड घ्यायला गणपती विसर्जन उलटू दिलं. त्याआधी घरी माप घेतलं. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा वाढतो. स्केटिंगला वापरते तेच पातळ मोजे घालून. भिंतीला टाच लावून, खाली कागद, दोन्ही पायांवर पूर्ण भार देऊन सरळ उभी राहिले आणि मुलीने सगळ्यात लांब बोटाच्या पुढे पेन्सिल उभी धरून खूण केली. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकतं, म्हणून तीनदा केलं. डावा २४.०, उजवा २४.२ सेंटिमीटर. मग जुन्या बुटाच्या जिभेवरचं लेबल वाचलं. युरोपीय नंबराच्या खाली बारीक अक्षरात २५.५ लिहिलेलं होतं, सव्वा सेंटिमीटरहून जास्त फरक. तो आकडा पहिल्या दिवसापासून तिथेच होता. नंबर कंपनीगणिक बदलतात, सेंटिमीटर बदलत नाहीत.

धोबी तलावाला खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिथल्या एका दुकानात मी जवळजवळ दीड तास होते. दुकानातला मुलगा खूप समजूतदार होता. त्याने एक स्टूल दिलं आणि म्हणाला, "सावकाश बघा मावशी." तीन जोड घातले. पहिल्यात करंगळी चेपली. दुसरा लांबीला बरोबर, पण रुंद, टाच हलत होती. तिसऱ्यात ताठ उभी राहिले तर बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकत होती, आणि गुडघे वाकवले तशी बोटं मागे सरकून मोकळी झाली. हेच हवं असतं, कारण स्केटिंग वाकूनच करायचं असतं. काकांसारखं मुलाला घोट्याच्या मागे बोट घालायला सांगितलं. बोट शिरेना. तसाच घालून अर्धा तास बसले, उठले, स्टुलाला धरून वाकले. कुठे बधिरपणा नाही, कमानीत कळ नाही. फक्त चहूबाजूंनी घट्ट. पहिल्या दहा-पंधरा वेळांत फोम पायाच्या आकाराला बसतो आणि बूट थोडा सैलावतो, म्हणून नवीन असताना तो गादीसारखा वाटता कामा नये.

बांधायची पद्धतही नव्याने शिकले. आधी जीभ सरळ करायची. मग पाय आत टाकून टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती काउंटरमध्ये जाऊन बसते. बोटांपाशी लेस सैल, वर पावलाच्या उंचवट्यापाशी घट्ट. मग गुडघा पुढे वाकवून तिरका पट्टा आवळायचा. पावलाच्या वरून पंचेचाळीस अंशांत टाचेकडे जाणारा हा पट्टा म्हणजे या बुटाचा प्राण. तो टाचेला एकाच वेळी खाली आणि मागे दाबतो. आधीच्या जोडात मी तो नुसता चिकटवून द्यायचे. सगळ्यात शेवटी कफचं बक्कल, आणि ते फार आवळायचं नाही, नाहीतर बिजागरी अडते आणि गुडघा पुढे जात नाही. पूर्वी मी सगळा जोर लेसवर काढायचे आणि पट्ट्याला विसरायचे. नेमकं उलट.

पहिल्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले. गुळगुळीत कोबा, ट्यूबलाइट, कोपऱ्यात वॉचमनची खुर्ची. उभी राहिले आणि खाली बघितलं. दोन्ही घोटे सरळ. कोणी हाताने धरून उभे केल्यासारखे. उजवा पाय ढकलला, डाव्यावर भार दिला आणि उजवा उचलला. मुलगी मोजत होती, "एक, दोन, तीन, चार…" जुन्या बुटात मी दोनच्या पुढे कधी गेले नव्हते. खांब आला म्हणून पाय टेकवला, नाहीतर आणखी गेले असते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते चवड्यांचे व्यायामही वाया गेले नव्हते. पायात जोर होता, तो चाकांपर्यंत पोचत नव्हता एवढंच.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला आणि पुरुष संघांनी ३००० मीटर रिले स्केटिंगमध्ये कांस्यपदकं मिळवली. रिंकवरच्या मुलांना काय आनंद झाला होता! फोनवर ती शर्यत बघताना माझं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. घोट्याच्या खालीच संपलेले. कफ नाही, बिजागरी नाही. शर्यतीचे बूट असेच असतात, कार्बनचे, पायाला चोळीसारखे घट्ट. तिथे टाच बूट पकडतो आणि घोटा वर्षानुवर्षांच्या सरावाने स्वतः उभा राहतो. आमच्यासारख्यांच्या घोट्याला ते काम कफ करून देतो. टाच मात्र दोन्हीकडे हलता कामा नये.

सॉफ्ट बुटाच्या मर्यादा आहेत आणि त्या मुंबईत जास्त जाणवतात. स्केट-पार्कमध्ये उड्या मारायच्या असतील, जमिनीवर ओळीने मांडलेल्या छोट्या शंकूंमधून नागमोडी जायचं असेल तर कडक बूटच घ्यावा, तिथे कापड टिकत नाही. मला रस्त्याने लांबवर जायचं असतं, त्यासाठी मऊ बूट उत्तम. आपल्या दमट हवेत जाळीमुळे पाय उकडत नाही. पण कडक बुटाचं अस्तर काढून धुता येतं, यातलं बहुतेकदा शिवलेलं असतं. मुंबईच्या घामाने आणि पावसाळ्याने ते आतून सडू शकतं. २०२४ च्या पावसाळ्यात मी नवा जोड नीट न वाळवता कपाटात ठेवला. ऑगस्टमध्ये उघडला तर जिभेच्या आत पांढरी बुरशी. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसून काढली आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवला. उन्हात नाही, कारण कडक उन्हाने सोल्युशन सुटतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी घरी आल्यावर लेस पूर्ण सैल करते, जीभ बाहेर ओढते, आत वर्तमानपत्राचे बोळे भरते आणि रात्रभर ठेवते. पावसाळ्याआधी चाकं काढून बेअरिंग पुसून डब्यात ठेवते. आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे सोळा. सगळ्या एकाच मापाच्या, आतून ८, बाहेरून २२ आणि ७ मिलिमीटर रुंद.

पेव्हर ब्लॉकवर मात्र कुठलाही बूट मदत करत नाही. प्रत्येक फट दातांपर्यंत पोचते. म्हणून पहाटे साडेपाचला निघते आणि जिथे डांबर नीट आहे तिथेच जाते.

जुन्या जोडाचं सांगायचं राहिलं. काकांनी तो शिवून दिलाच. घासलेला फोम कापून काढला, त्या जागी पातळ मऊ चामड्याचा तुकडा बेतला, त्याच्या कडा रापीने इतक्या तासल्या की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. सोल्युशन लावून रात्रभर दाबून ठेवला आणि मशीन आत जात नाही म्हणून वरची कड हाताने, आरीने शिवली. दोन्ही बुटांचे ३०० रुपये घेतले. मी तो माळ्यावर टाकला होता. गेल्या दिवाळीला मुलुंडची नणंद आली, तिने माझे फोटो बघून विचारलं, मला जमेल का गं? मी कागद, पेन्सिल आणली, तिला भिंतीला टाच लावून उभं केलं. २५.३. माळ्यावरून जोड काढला, तिच्या पायात घातला, टाच दोनदा आपटायला लावली, तिरका पट्टा आवळला आणि घोट्याच्या मागे बोट सरकवून तिला म्हटलं, वाक. बोट तिथेच अडलं.

ती आता दर रविवारी करते. परवा बूट बघितला, काकांनी लावलेलं चामडं टाचेच्या आकाराला बसून चकचकीत झालंय, टाका एकही सुटलेला नाही.